शंभराच्या आतला ससा

त्या रानात आजारी पडायला कुणाची ना नव्हती, फक्त गाढव मोकळं असायला हवं होतं. जखमींना पाठीवर घालून टेकडीवरच्या साळिंदर वैद्याकडे नेणारी गाढवं होती नऊ, आणि रानातली वस्ती तर वर्षागणिक वाढत होती. हाका वाढल्या, तसे वाट पाहत तळमळणारेही वाढले.

अखेर सभा भरली. टेहळणीच्या झाडावरचा वानर काळतोंड्या बोलायला उठला. "कुणी येत नाही, याचीच भीती जास्त वाटते सगळ्यांना," तो म्हणाला. तोडगाही त्यानेच काढला. हाक आली की टेहळ्याने मोजायला लागायचं आणि शंभराच्या आत मदत पोहोचली की नगारा वाजवायचा. गाढवं शंभरात कसली पोहोचतात! म्हणून ससे नेमले. गाढवांचं कुरण सशांना दिलं आणि सहा गाढवांना निरोप. सभेने माना डोलावल्या. सभांना तेवढं छान जमतं.

झाडाझाडांवर टेहळे बसले, नगाऱ्यांनी रान दुमदुमलं. काळतोंड्याचा ऊर अभिमानाने भरून आला.

मग एका सकाळी त्याच्याच झाडाखाली त्याच्या बायकोला, सोनशेपीला, नाग डसला. वैद्याकडे उतारा होता, पण तो तिथेच ताजा वाटून लावावा लागे आणि ऊन माथ्यावर यायच्या आत तिथे पोहोचायला हवं होतं. काळतोंड्याने हाक दिली आणि सवयीने मोजू लागला. एकतीसला ससा हजर!

"आलोय मी," तो धापा टाकत म्हणाला. "नगारा वाजवा."

"गाढव कुठंय?"

"तिन्ही पलीकडच्या खोऱ्यात गेलीत. येतील संध्याकाळपर्यंत."

"अहो, बघत काय बसलात?" सोनशेपी कण्हली. "उचला मला."

त्याने तिला खांद्यावर घेतलं. पडू नये म्हणून तिने शेपटी त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली. वानराचे पाय ओझं वाहायचे नव्हेत. दर चार झाडांनी त्याला टेकावं लागे. वाटेतल्या प्रत्येक टेहळ्याने तिला पाहून इमानाने हाक दिली, मोजलं, नवा ससा तिच्यापाशी पोहोचला आणि नगारा वाजला. "अरे, बंद करा ते!" काळतोंड्या जीव तोडून ओरडला. त्या दणदणाटात ऐकणार कोण?

टेकडीच्या पायथ्याशी सातवा ससा अठराला पोहोचला. इतक्या लवकर आजवर कुणीच आलं नव्हतं. टेहळ्याने आनंदाने दोन्ही हातांनी नगारा बडवला. काळतोंड्या चढण चढत होता. सोनशेपीची शेपटी त्याच्या गळ्यावरून सुटली होती आणि त्याच्यामागे धुळीत रेघ ओढत चालली होती.