कांशाच्या गालावरचा अंगठा

एका राज्यात भर दरबारात भांडण जुंपलं होतं, आणि तिसरा दिवस उजाडला तरी ते मिटायचं नाव घेत नव्हतं.

सिंहासनावर होता राजा वीरकेतू. समोर उभी होती धातूच्या मूर्ती ओतणारी ठकू ओतारीण, कोपरापर्यंत मातीने माखलेली, पदर कंबरेला खोचलेली. दोघांच्या मधोमध चौरंगावर राणीचा मातीचा अर्धपुतळा. खांदे होते, मान होती, अंबाडा होता. चेहऱ्याच्या जागी नुसता गोळा.

"हा पुतळा की पालथं मडकं?" राजा गरजला.

"मडकंच म्हणा," ठकू म्हणाली. "मी राणीसाहेबांना कधी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत आणि विसरलात. मग माझ्यावर का ओरडता?"

राजा विसरला होता, हे खरं. राणी केतकी चाळीस दिवस तापाने झिजून गेली. तिला वाचवायला बोलावलेल्या मांत्रिकाला राजाने रागाच्या भरात वेशीबाहेर हाकललं. जाताना मांत्रिकाने मूठभर राख उधळली नि म्हणाला, "ज्या ज्या डोळ्यांनी तिला पाहिलं, त्या सगळ्या डोळ्यांतून तिचा चेहरा मी घेऊन चाललो." त्या क्षणी महालातली राणीची चित्रं कोरी झाली. पाच वर्षांच्या राजकन्या इंदुलीचं तर त्याहून वाईट झालं. आईपाठोपाठ ती रोज आणखी एक चेहरा विसरू लागली. आधी दाई गेली, मग मावशी, मग सगळा महाल. आता ती फक्त बापाला ओळखत होती, आणि आज पौर्णिमेचा चंद्र उगवला की तोही पुसला जाणार होता.

उतारा राणीच्या खिडकीत बसणाऱ्या साळुंकीने सांगितला होता. ती माणसासारखी बोले. "राणीचा खरा चेहरा कांशात उतरला की शाप सुटेल. माती मगरीच्या तळ्यातली हवी, मेण काळ्या कड्यावरच्या मधमाश्यांचं, आणि कांसं बुडालेल्या देवळातल्या घंटेचं."

ठकूने तिन्ही आणलं. मगरीला दटावून बाजूला सारलं. मधमाश्यांना अंगाई म्हणून निजवलं. घंटेला विचारलं, "येतेस का?" घंटा हो म्हणाली.

गाडं अडलं ते चेहऱ्याशी. पहिल्या दिवशी राजकवीने सांगितलं तसं तिने घडवलं, चंद्रासारखं मुख नि कमळासारखे डोळे. ते ध्यान पाहून राजकवीच दचकला. दुसऱ्या दिवशी राणीच्या बहिणीला समोर बसवलं, तर हुबेहूब बहीणच झाली. ठकूने दोन्ही चेहरे मोडले आणि आज सकाळी राजाला म्हणाली, "तुम्ही या खाली. हात घाला मातीत." तिथून पुन्हा भडका उडाला होता.

"राजाच्या हाताला माती लागत नाही," राजा म्हणाला. "राज्याभिषेकाची तशी शपथ असते."

"मग त्या शपथेला बसवा चौरंगावर, तिचा पुतळा करून देते."

प्रधानाला एकदम खोकल्याची उबळ आली.

"ओतारीणबाई, जीभ आवर!" राजा कडाडला.

"आवरते. तुम्ही ऐका. शाप डोळ्यांना लागला आहे, हातांना नाही. माझी आई आंधळी होती, पण गालावरून हात फिरवून आम्हां सहा भावंडांना ओळखायची. चाळीस दिवस राणीसाहेबांचं तोंड कोण पुसत होतं? दासी सांगतात, तुम्ही दुसऱ्या कुणाला पुसू दिलं नाही."

तेवढ्यात इंदुली दरबारात आली. रोज या वेळी ती धावत येऊन बापाच्या मांडीवर चढायची. आज पहिल्याच पायरीशी थबकली. खूप वेळ वर बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"तुम्ही... आबाच ना?"

राजाने मुकुट काढून ठेवला आणि खाली उतरला.

ठकूने त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. त्याचे हात मातीपाशी येऊन अडले.

"मला येत नाही हे," तो पुटपुटला.

"येतं. तिला ताप आला आहे असं समजा," ठकूचा आवाज एकाएकी मऊ झाला. "कपाळापासून सुरुवात करा."

हात कपाळावरून फिरले आणि कपाळ उमटलं. भिवई आली, भिवईशेजारची जुनी खोक आली. गालापाशी हात थांबले.

"गाल फार आत गेले आहेत. भरू का?"

"हात थांबले तिथेच राहू द्या."

मावळतीपूर्वी ठकूने त्या मातीचा साचा घेतला. साच्यात मेण बसवलं. मेणावर पुन्हा माती लिंपून भट्टी लावली. मेण वितळून वाहून गेलं, त्याच्या जागी कांसं शिरलं. त्या भट्टीत आठ दिवसांचं काम दोन घटकांत झालं, कारण घंटेलाही घाई होती. चंद्राची कड डोंगराआडून डोकावली आणि ठकूने साचा फोडला.

इंदुलीने पाहिलं. "आई," ती म्हणाली. मग मागे वळली. "आबा, तुम्ही रडताय?"

महालभर कोऱ्या चित्रांत रंग परतले. दाईला इंदुलीची हाक परत मिळाली. दूर रानात मांत्रिक आरशासमोर उभा राहिला, तर त्यात त्याला स्वतःचंच तोंड दिसेना. राज्य पूर्ववत झालं.

राहिलं होतं ते भांडण. दुसऱ्या दिवशी अर्धपुतळा दरबारात आला, आणि कांशाच्या उजव्या गालावर राजाच्या अंगठ्याची रेघ न् रेघ उमटलेली सगळ्यांनी पाहिली.

"हा ठसा घासून टाक," राजा खालच्या आवाजात म्हणाला. "राजाने शपथ मोडली, हे पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहील."

"नाही घासणार."

"ही आज्ञा आहे!"

"असू दे."

"मग दुसरा ओतारी बोलावतो!"

ठकूने पिशवीतून कानस काढली आणि राजाच्या तळहातावर ठेवली.

"दुसरा कशाला, महाराज, चाळीस दिवस जो हात या गालावरून फिरला, त्याच हाताने खरवडा."