कांदळबेटाची भरलेली होडी

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल बांधायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हा कांदळबेटावर भिवरा तारीण होडी चालवायची. तिला एकच खोड होती. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "मूळचे कुठले तुम्ही?" उत्तर मिळालं की पुढे विचारायची, "आणि त्याच्या आधीचे?" ते मात्र कुणालाच सांगता यायचं नाही. भिवराला त्याचं भारी नवल वाटायचं.

एकदा वादळानंतर तिला एका फळीवर तान्ही पोर सापडली. घाऱ्या डोळ्यांची. भिवराने तिचं नाव पवळी ठेवलं आणि तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

पवळी मोठी झाली, त्या वर्षी बेटावरची विहीर खारट झाली. बाबाजी खोत म्हणाले, "गावात परकं रक्त आहे, म्हणून देवी कोपली. आपण सगळे इथले मूळचे. जे पाण्यानं आलं, ते पाण्यानं जाऊ दे. भिवरा, उद्या पोरीला पल्याड सोडून ये."

भिवरा एवढंच म्हणाली, "भरल्याशिवाय होडी सोडायची नाही, हा आमचा रिवाज. पाण्यानं आलेले सगळेच या."

सकाळी पवळी एकटीच होडीत बसली. काठावर गाव जमलं. तेवढ्यात सुतारीण पुढे झाली. "अगंबाई, मीही माहेराहून याच होडीतून आले की!" बेटावर गावातल्या गावात सोयरीक करत नसत, त्यामुळे झाडून साऱ्या सुना पल्याडच्या. एकेक बाई चढली. मागून पोरं चढली.

"अहो, सासूबाई बसल्यात इथं," एकीने नवऱ्याला हटकलं. "तुम्ही काय खडकातून उगवलात?"

हसत हसत पुरुषही चढले. मग पुजाऱ्याला आठवलं, देवीची मूर्तीसुद्धा पुरात वाहत आली होती. तो तिलाही घेऊन आला.

होडी दहा माणसांची, पण तिच्यात गाव मावलं. बुडायची सोडून ती चार बोटं वर आली, असं म्हणतात.

काठावर एकटे खोत उरले. त्यांची म्हातारी आई होडीतून ओरडली, "बाबाजी, मी पल्याडची. म्हणजे अर्धा तू इथं बसलायस. उरलेला अर्धा तिथं एकटा काय करणार? ये मुकाट!"

खोत चढले. मध्यावर भिवराने वल्हं थांबवलं आणि रिकाम्या बेटाकडे पाहून विचारलं, "आता तिथं मूळचं कोण उरलं?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कांदळाची झाडं," कुणीतरी म्हणालं.

"त्यांच्या शेंगाही वाहतच येतात," पवळी हळूच म्हणाली.

मग खोत म्हणाले, "होडी वळव, भिवरा."

काठावर आधी पवळी उतरली. तिने देवीला उतरवून घेतलं, मग खोतांना हात दिला. विहीर त्याच दिवशी गोड झाली, असं म्हणतात. काही जण म्हणतात, ती पुढच्या पावसाने झाली.

आता खाडीवर पूल आहे. तरी पौष पुनवेला अख्खं गाव देवीसह होड्यांतून मध्यापर्यंत जातं आणि परत येतं. पवळीसारखं सगळ्यांच्या आधी उतरायचा मान गावात सगळ्यात नव्याने आलेल्या माणसाचा. नवी सून असो, नाहीतर परवाच बदलून आलेला पोस्टमन. तो काठावर उभा राहतो, हात पुढे करतो आणि गावाला म्हणतो, "या."