वाघेरी मतदारसंघाचा पूल

फेररचनेत वाघेरी मतदारसंघ नकाशावरून गेला. तिथून पाच वेळा खासदार झालेले नानासाहेब गोर्डे मात्र कुठेच गेले नव्हते. त्यांनी मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतला. लिहायला म्हणजे सांगायला. लिहीत होती कॉलेज सोडून तळेवाडीत घरी बसलेली कुंदा.

"लिही, तळेवाडीचा पूल नानासाहेबांनी बांधला."

कुंदाचं पेन थांबलं. पूल नव्हताच. दर निवडणुकीआधी नानासाहेब नदीकाठी नारळ फोडून त्याचं भूमिपूजन करायचे, एवढंच. आता कुठे पुलासाठी गावाचा अर्ज नव्या खासदाराकडे जाणार होता. पूल झाल्याचं छापून आलं, की अर्ज केराच्या टोपलीत. आणि अडलेली बाई पावसाळ्यात खाटेवरून नदीपार नेणं चालूच.

तिनं ओसरीवरच्या जाणत्या मंडळींकडे पाहिलं. पाचही भूमिपूजनांना ही मंडळी जेवली होती.

"नाना म्हणतात तर बांधला असंल," सरपंच म्हणाले. "मोठ्यांना खोटं पाडू नये, पोरी."

"खोटं कोण पाडतंय, काका?" कुंदानं वाक्य लिहून टाकलं. "नाना, पुस्तकाचं प्रकाशन त्याच पुलावर ठेवू. मंत्र्यांची खुर्ची बरोबर मधोमध. पत्रिका आजच छापायला देते."

नानासाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग तिच्याच पेनानं ते वाक्य खोडलं.

"मग काय लिहू?"

"लिही, पूल व्हायचा आहे."

कुंदानं लिहिलं, खाली त्यांची सही घेतली, आणि तो कागद गावाच्या अर्जाला जोडला.