खांद्यावरचा जाणकार

ऋजुता घरून भाषांतरं करायची. घर एका खोलीचं, त्यामुळे काम व्हायचं ते आठ महिन्यांचा शौनक झोपला की. छपाई, स्कॅन, झेरॉक्स सगळं करणारा वायरलेस प्रिंटर घ्यायला ती शौनकला खांद्यावर टाकून गुगळेशेठच्या दुकानात आली. आपल्याला यातलं काही कळत नाही, हे तिला पायरी चढण्याआधीच पटलेलं होतं.

शेठने सगळ्यात मोठा प्रिंटर पुढे केला.

"आवाज करतो का हो?" तिने विचारलं.

शेठ हसले. "ताई, यातलं कळणारं माणूस घेऊन या घरून. ते म्हणेल तो प्रिंटर देतो."

"आणलंय की," ऋजुता म्हणाली. "खांद्यावर झोपलंय. करा चालू."

मोठ्या प्रिंटरने पहिला कागद ओढला आणि शौनकने भोकाड पसरलं. तिने त्याला थोपटून पुन्हा झोपवलं, मग कोपऱ्यातला छोटा प्रिंटर चालू करायला लावला. पानं भराभर बाहेर आली. शौनक ढिम्म हलला नाही.

"पण मोठ्याचा वेग बघा ना," शेठ म्हणाले.

"हळू बोला, शेठ," ऋजुता कुजबुजली. "हा उठला, की कितीही वेगाचा प्रिंटर असो, माझं एक पान निघत नाही."

शेठने छोटा प्रिंटर खोक्यात भरला, तोही जराही आवाज न करता.