खिंडीकडं निघालेलं पुडकं

त्या दिवशी सकाळी ऊन होतं आणि उन्हातच बारीक गारा पडत होत्या. अंगणातल्या बादलीत पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला होता. वारा नव्हता. समोरच्या डोंगरावरची वळणं, खालपासून पार खिंडीपर्यंत, बोटानं मोजावीत इतकी साफ दिसत होती.

"पण यात आहे काय?" रणधीर विचारत होता. तिसऱ्यांदा.

"वर ठेवायचं आहे," मेल्चोर म्हणाला.

"ते कळलं. आत काय आहे?"

"वर ठेवायचं आहे."

म्हाताऱ्याच्या हातात मुठीएवढं पुडकं होतं. जुनं लोकरी फडकं, वरून सुतळीची गाठ.

हे पेरू देशातलं. गावाचं नाव वायरापाटा. रणधीर आमच्या फलटणचा. तो शाळेत होता तेव्हापासून त्याच्या सायकली मीच दुरुस्त करतो, म्हणून एवढ्या लांब मला बरोबर घेऊन आला. आठ दिवसांवर शर्यत होती. गेल्या वर्षी याच शर्यतीत, याच खिंडीच्या दोन वळणं अलीकडं, त्याचा श्वास संपला. सायकलवरून उतरून चालत निघाला, आणि मागून येणाऱ्या गाडीनं त्याला उचलून घेतलं. वय अडतीस. पुढच्या वर्षी आपल्याला कुणी घेणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

मेल्चोर आमचा शेजारी. आम्ही घेतलेल्या खोलीची आणि त्याच्या घराची भिंत एकच. एकतीस वर्षं त्यानं लोखंडी सायकलवर टपालाची पिशवी लादून ही खिंड ओलांडली. कधी उतरला नाही म्हणत. आता गुडघे गेले होते. तिकडं वडीलधाऱ्याला तायता म्हणतात, आपल्या तात्यासारखंच. त्यामुळं मला तो पहिल्या दिवसापासून परका वाटला नाही.

रणधीर पुण्यात दीड वर्ष स्पॅनिश शिकला होता. म्हातारा बोले ते तो मला मराठीत सांगे. सांगेल तेवढंच मला कळे.

पोरगा गुणी. पण संशयी फार. सायकलची साखळी पायाला बांधून झोपायचा. पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणाला दोरा गुंडाळायचा, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. मेल्चोरनं पहिल्या दिवशी कोकाच्या पानांचा चहा दिला. तो त्यानं हुंगला आणि कुंडीत ओतला. "तात्या, हा चहा प्यालो तर शर्यतीच्या तपासणीत अडकेन. यांना तेच पाहिजे असेल."

"कुणाला रे?"

"कुणालाही."

वजनाचं तर विचारूच नका. दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापून टाकली होती. वजनाचा एक छोटा काटा होता, आकड्याला लटकवून मोजायचा, खिशात मावणारा. त्यावर मोजल्याशिवाय सायकलवर काही चढायचं नाही.

"हे वर नेऊन ठेव," मेल्चोर म्हणाला होता. "खिंडीत दगडांची रास आहे, तिच्यावर. मग मी श्वासाचं सांगतो, वर तो कसा पुरवायचा ते."

"ट्रक जातात की रोज वर. त्यांच्याकडं द्या."

"आपल्या पायानं चढेल त्यानंच न्यायचं असतं."

रणधीरनं ते घेतलं. कानाशी धरून हलवलं. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "तात्या, पुढं पोलिसांची चौकी आहे. हा म्हातारा मला फुकट अडकवणार, बघा."

मी म्हणालो, "मग परत दे."

"आणि श्वासाचं?"

गेला.

आम्ही दोघं म्हातारे भिंतीला टेकून उन्हात बसलो. एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळं भांडण व्हायची भीती नव्हती. वर लाल ठिपका चढत होता. रणधीरचा सदरा लाल. पहिलं वळण, दुसरं, तिसरं... चांगला चालला होता.

सातव्या वळणावर ठिपका थांबला.

मी मेल्चोरकडं पाहिलं. तोही बघत होता. मग खाली बघून बटाटे सोलायला लागला.

ठिपका बराच वेळ तिथंच होता. मग वर ढग आडवा आला.

दुपारी रणधीर परत आला. तोंड काळवंडलेलं, ओठ फाटलेले. खिंडीपर्यंत गेला होता की नाही, मी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"ठेवलं?" असं मेल्चोर विचारेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यानं विचारलं नाही. रणधीरच म्हणाला, "ठेवलं."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. मांडीवर ठेवली. डोंगराकडं तोंड करून एका बाईचं नाव घेतलं. "दोमितिला." नाव होतं म्हणून मलाही कळलं. मग टोपी घातली आणि रणधीरच्या वाडग्यात सूप वाढलं.

"आता श्वासाचं सांगा," रणधीर म्हणाला.

"उद्या पुन्हा चढ. मग सांगतो."

"उद्या?" रणधीर चिडला. "म्हणजे उद्या पुन्हा एक दगड लादणार माझ्यावर!"

मेल्चोरचा हात वाडग्यावर थांबला...

"दगड होता?" त्यानं विचारलं.

अगदी हळू. एखाद्यानं कुणाच्या तब्येतीची चौकशी करावी तसं.

हे शब्द मला मागाहून कळले. मी म्हणालो, "काय म्हणाला रे?"

"थांबा तात्या."

म्हातारा बोलायला लागला. बराच बोलला, थांबत थांबत. रणधीर मला एक शब्द सांगत नव्हता. त्याचा रंग मात्र उतरत चालला.

शेवटी त्यानं सांगितलं. दोमितिला नावाची बाई होती, वरच्या आळीची. तिचा मुलगा सायकलवर खिंड ओलांडून खाणीत कामाला गेला. परत आला नाही. तिनं हे पुडकं मेल्चोरला दिलं, गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी ठेवतात ती रास आहे तिथं ठेव म्हणाली, पोरगा सायकलवर गेला तर हेही सायकलवरच जाऊ दे. त्याच आठवड्यात मेल्चोरचे गुडघे बसले. पुढं बाई वारली. शर्यतवाले दरवर्षी अंगणावरून जातात, पण थांबतं कोण? अकरा वर्षं पुडकं कोनाड्यात होतं.

"अकरा वर्षं," रणधीर म्हणाला. "तात्या, यानं ते उघडून बघितलं नाही. यालाच माहीत नव्हतं आत काय आहे ते."

"आणि तू?"

"सातव्या वळणावर उघडलं. साधा दगड निघाला. काट्याला लावला. तीनशे दहा ग्रॅम... मला वाटलं माझी चेष्टा केली. दरीत फेकला."

"आणि वर गेलास?"

"नाही. श्वास मोडला. दोन वळणं राहिली."

फडकं त्याच्या खिशातच होतं. ते त्यानं काढून मेल्चोरच्या गुडघ्यावर ठेवलं. मेल्चोरनं त्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रणधीर निघून गेला. सातव्या वळणाखाली दरीत उतरला. दहाच्या सुमारास परत आला. कोपर खरचटलेलं, नखांत माती. हातात दगड.

"हाच आहे," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "बहुतेक."

खरं सांगायचं तर मला संशय होता. तसले दगड अंगणातच दहा पडले होते. दरीत हजार असतील. कालचा दगड यानं नीट बघितला तरी होता का? वजन तेवढं बघितलं.

काटा खिळ्याला लटकत होता. रणधीरनं एकदा तिकडं पाहिलं. मला वाटलं, आता लावणार. लावला नाही.

मेल्चोरनं दगडाकडं फारसं पाहिलंही नाही. फडकं पसरलं, दगड ठेवला, सुतळी आवळली. टपालवाल्याची गाठ, बोटांना पाठ असलेली. आणि पुडकं त्याच्या हातात दिलं. काल दिलं होतं तसंच.

रणधीर जरा घुटमळला. काहीतरी विचारायचं होतं त्याला. विचारलं नाही. निघाला.

मी भिंतीला टेकून वर बघत राहिलो. मेल्चोर बघत नव्हता. बटाटे सोलत होता, सालं एका बाजूला, सोललेले दुसऱ्या बाजूला. पाचवं वळण. सहावं. सातवं आलं तेव्हा मी माझाच श्वास धरून बसलो होतो.

ठिपका थांबला नाही.

पुढं ढग उतरला आणि काही दिसेना.

तो आला तेव्हा उन्हं कलली होती. सायकल भिंतीला लावली. साखळी लावली नाही. अंगणात उकडलेल्या बटाट्यांची वाफ येत होती. तो मेल्चोरसमोर उकिडवा बसला.

"ठेवलं," म्हणाला.

मेल्चोरनं त्याच्यापुढं बटाटा सरकवला.

श्वासाचं विचारायचं तो विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

"तायता," तो म्हणाला, "तुम्ही विचारत का नाही?"

"काय विचारू?"

"खरंच वर नेलं का ते. दगड तरी तोच कशावरून? काल मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. आजही बोलत असेन!"

"मीठ घे," मेल्चोर म्हणाला.

"विचारा ना... एकदा तरी विचारा."

म्हाताऱ्यानं बटाटा फोडला. अर्धा मला दिला. मग रणधीरकडं बघून एवढंसंच काहीतरी बोलला. रणधीर मान खाली घालून बसला. मी दोनदा विचारलं, काय म्हणाला रे? त्यानं सांगितलं नाही. शर्यत झाली, सामान बांधलं, तरी सांगितलं नाही. परतीच्या विमानात, मी अर्धवट झोपेत असताना, एकदम सांगितलं.

मेल्चोर म्हणाला होता, "काल तरी मी कुठं विचारलं, पोरा?"