उरलेली शाई

एकदा एक वृद्ध लोकप्रतिनिधी बत्तीस वर्षांची कारकीर्द संपवून आपल्या गावी परत आला. गाव अमेरिकेच्या उत्तरेकडचे, नदीकाठचे. मका आणि दूध यांवर जगणारे. त्याचा बाप लोहार होता. हा तरुणपणी युद्धावर गेला, धडधाकट परत आला, शाळेच्या समितीवर बसला आणि पुढे लोकांनी त्याला देशाच्या संसदेत पाठवले. तिथे दर दोन वर्षांनी निवडणूक होते. सोळा वेळा तो उभा राहिला आणि सोळाही वेळा निवडून आला.

राजधानीत त्याने घर बांधले नाही. भाड्याच्या एका खोलीत राहिला. शुक्रवारच्या गाडीने गावी यायचे आणि शनिवारी सकाळी न्हाव्याच्या दुकानात बसायचे, हा त्याचा नेम. ज्याला काही सांगायचे असेल त्याने तिथे यावे. लोक गालाला साबण लावलेल्या अवस्थेत त्याला शिव्या देत. तो ऐकून घेई आणि वहीत लिहून घेई.

त्या देशात एक प्रथा आहे. नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष सही करतात ती एका पेनाने नव्हे. समोर पेनांची रांग असते. एका पेनाने नावाचे अर्धे अक्षर लिहायचे, ते खाली ठेवायचे, दुसरे उचलायचे. मग ज्यांनी त्या कायद्यासाठी कष्ट घेतले त्यांना ती पेने भेट द्यायची. या वृद्धाला आयुष्यात अशी सात पेने मिळाली होती. त्याच्या बैठकीत काचेच्या चौकटीत ती लावलेली होती.

त्याचा एक शिष्य होता. बाविसाव्या वर्षी तो साहेबांच्या कचेरीत टपाल फोडायला लागला आणि अठरा वर्षांत कचेरीचा प्रमुख झाला. आता साहेबांच्या रिकाम्या जागेसाठी तोच उभा राहणार होता. त्या भागात रीत अशी की, जुन्या प्रतिनिधीने न्यायालयाच्या पायऱ्यांवर चारचौघांत नव्याचा हात हातात घ्यायचा. तो हात मिळाला नाही तर शेतकरी मत देताना दहा वेळा विचार करतात.

शिष्य येऊन म्हणाला, "साहेब, शनिवारी तीन वाजता मी उमेदवारी जाहीर करतो आहे. तुम्ही माझा हात धरा. आणि एक मागणे आहे. त्या सातांतले एक पेन मला द्या. खिशाला लावून उभा राहीन."

वृद्ध म्हणाला, "शनिवारी सकाळी ये."

शनिवारी शिष्य आला तेव्हा भिंतीवरची चौकट रिकामी होती. तो स्वयंपाकघरात धावला. तिथे वाडग्यातल्या कोमट पाण्यात पेनांची टोके भिजत पडली होती. पाणी निळे झाले होते. शेजारी शाईची नवी बाटली. आणि वृद्ध त्यांतल्याच एका पेनाने थरथरत्या हाताने पाकिटावर पत्ता लिहीत होता.

"साहेब! हे काय केलेत? ही पेने संग्रहालयात जायची होती!"

"आत जुनी शाई सुकून दगड झाली होती. तीन दिवस भिजवली. आता उत्तम चालतात. बस. तुझे बूट फार चकाकताहेत. लोकांना वाटेल, विमा विकायला आलाय."

शिष्य हसला नाही. टेबलाखाली खोकी होती. कचेरी रिकामी झाल्यावर राजधानीहून आलेली, पत्रांनी भरलेली.

वृद्ध म्हणाला, "तू आलास तेव्हाचे आठवते का? ते लांब टेबल?"

"आठवते की. सहा जण बसायचो. पत्रांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले असायचे. लोक पाकिटात मक्याचे रोगट पान घालून पाठवायचे. एकाने तर मेलेला टोळ पाठवला होता."

"आणि तू किंचाळलास."

"शहरातला होतो, साहेब." आता मात्र तो हसला. "तुम्ही रोज तीस पत्रे स्वतः वाचायचात. मतदानाची घंटा वाजली की उरलेली कोटाच्या खिशात घालून सभागृहाकडे पळायचात. चांगले दिवस होते."

"होते. मग पत्रे वाढली, माझा हात थरथरायला लागला आणि तू सहीचे यंत्र आणलेस."

ते यंत्र साहेबांची सही हुबेहूब करीत असे. उत्तरे आधीच छापलेली. शेतीचे पत्र आले की शेतीचे उत्तर, युद्धाचे आले की युद्धाचे. दिवसाला चारशे पत्रे हातावेगळी होत. शिष्याला त्याचा अभिमान होता.

वृद्धाने एक पत्र पुढे सरकवले. "हे वाच. मोठ्याने."

शिष्य वाचू लागला. एल्सा लिंडक्विस्ट नावाच्या बाईचे पत्र होते, चार वर्षांपूर्वीचे. तिचा मुलगा युद्धावरून परत आला तो मुकाच होऊन. वर्षभर एक शब्द बोलला नव्हता. सैनिकांचे रुग्णालय दर वेळी दुसऱ्या दारी पाठवत होते. बाईने लिहिले होते, 'हा जन्मला तेव्हा तुम्ही आपल्या हाताने अभिनंदनाचे पत्र लिहिले होते. म्हणून तुम्हालाच विचारते. मी कोणाकडे जाऊ?'

पत्राला छापील उत्तराची प्रत टाचलेली होती. 'सैनिकी रुग्णालयांविषयी आपले मत कळवल्याबद्दल आभारी आहे.' खाली सही. आणि त्यामागे बाईने परत पाठवलेले तेच मूळ उत्तर. त्यावर तिने एकच ओळ लिहिली होती. 'तुमचे तेव्हाचे पत्र आणि हे शेजारी ठेवून पाहिले. ही सही तुमची नाही.'

शिष्याचा आवाज खाली आला. "हे मीच बाजूला ठेवले होते, साहेब. वाटले, बाई भांडखोर आहे."

"मी ते परवा पहिल्यांदा वाचले. चूक एकट्या तुझी नाही. यंत्र तू आणलेस, पण हो मी म्हटले. बरे वाटले होते मला. मोकळा वेळ मिळाला."

वृद्धाने वाडग्यातून एक पेन काढले, पुसले, शाई भरली आणि शिष्यापुढे ठेवले.

"तुला पेन हवे होते ना? ऐक. या पेनाने राष्ट्राध्यक्षांनी अर्धे अक्षर लिहिले. तेवढीच शाई राज्याची. बाकीची पेनात तशीच राहिली आणि मी ती भिंतीवर टांगली. त्या अर्ध्या अक्षराने कायदा झाला, रुग्णालय उभे राहिले. पण एल्साच्या मुलाला त्यातले कोणते दार, हे तिला कोणीतरी लिहून कळवायचे होते. ते काम उरलेल्या शाईचे. ते आपण केले नाही."

"बाई कुठे राहते?"

"चाळीस मैलांवर. आहे अजून. चौकशी केली मी."

"तीन वाजता लोक जमणार आहेत. वाद्यवृंद येणार आहे."

"येईल की."

शिष्याने घड्याळाकडे पाहिले. मग पत्र आणि पेन घेऊन उठला. वृद्धाने त्याला थांबवले नाही आणि लवकर ये असेही म्हटले नाही.

तीन वाजले. पायऱ्यांपुढे दोनशे माणसे जमली. उमेदवार नाही. वाद्यवृंदाने होते तेवढे वाजवले, पुन्हा वाजवले आणि वाद्ये आवरली. न्हावी वृद्धाला म्हणाला, "तुमचा चेला पळाला वाटते, साहेब!" वृद्ध टोपी गुडघ्यावर ठेवून पायरीवर बसून राहिला.

शिष्य आला तेव्हा पाच वाजून गेले होते. अकरा माणसे उरली होती. वृद्धाने त्याच्या तोंडाकडे पाहिले नाही. आधी हाताकडे पाहिले. उजव्या हाताची तीन बोटे निळी झाली होती.

"दारात उभे केले का तिने?"

"अर्धा तास. मग आत घेतले. तिच्या टेबलाशी बसून रुग्णालयाला पत्र लिहिले. तिने दोनदा फाडायला लावले."

"का?"

"म्हणाली, अक्षर लागत नाही. सही करताना माझ्या बोटांवर नजर ठेवून होती. सोमवारी मी स्वतः दोघांना रुग्णालयात घेऊन जातो आहे, साहेब."

"पेन कुठे आहे?"

"मुलाने घेतले. तो कोपऱ्यात बसला होता. उठून आला, माझ्या हातातून पेन घेतले आणि पत्राखाली आपले नाव लिहिले. पूर्ण नाव. आई बघतच राहिली. मग त्याने ते खिशात ठेवले. परत मागण्याचा मला धीर झाला नाही."

वृद्ध उठला. त्या अकरा माणसांसमोर त्याने शिष्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. सोडला तेव्हा त्याच्या तळव्यावर निळा डाग उमटला होता. त्याने तो पुसला नाही.

शिष्य पुढे निवडून आला की पडला, ते या गोष्टीत नाही. आपल्याकडे मत देणाऱ्याच्या बोटाला शाई लागते. मत मागणाऱ्याच्या बोटाला ती कधी लागली होती का, तेही पाहून घ्यावे.