साळूआईचा ओटा

बांधाच्या मधोमध दिसतोय तो साळूआईचा ओटा. त्याच्यावर आमच्यातलं कुणी बसत नाही. देवी नव्हती ती, पाव्हणं. रागावलेली बाई होती.

नदीवरचा हा बांध हैबतराव देशमुखांनी बांधायला घेतला आणि काम भीमाप्पा वडाराकडं दिलं, असं सांगतात. भिंत अर्ध्यावर आली आणि वाद पेटला. भीमाप्पा म्हणाला, "खाली मुरूम लागलाय. पाया आणखी खोल न्यावा लागेल." देशमुख म्हणाले, "काम लांबवायचे धंदे आहेत हे." भीमाप्पानं रागानं माणसं उठवून नेली. देशमुख तक्रार घेऊन दरबारात गेले. निवाडा येईना, आणि इथं दगडाला कुणी हात लावीना.

तेवढ्यात पाऊस लागला. अर्धवट भिंतीमागं पाणी तुंबलं आणि एका दुपारी भिंत फोडून खालच्या वस्तीत शिरलं. साळूचा नवरा गोठ्यातली जनावरं सोडायला गेला, तो परत आलाच नाही.

मालक आणि कंत्राटदार धावत आले, आणि त्या चिखलातच एकमेकांवर ओरडू लागले. साळू मधे येऊन उभी राहिली. "माझा माणूस बुडाला तेव्हा तुम्ही दोघंही कोरडे होता," ती म्हणाली.

पाणी ओसरल्यावर तिनं दोघांना पायाच्या खड्ड्यात उतरवलं आणि हातात पहार दिली. खणताच मुरूम भुगा होऊन निघाला. "पाया खोल न्यायचा, हे तुझं खरं," ती भीमाप्पाला म्हणाली. "पण पावसाच्या तोंडावर भिंत उघडी टाकून गेलास, ते पाप कुणाचं?" भीमाप्पानं पुन्हा पहार उचलली. देशमुखांनी दरबाराचं नाव काढलं. ती म्हणाली, "दरबार लांब आहे. नदी जवळ आहे."

मग काम संपेपर्यंत ती रोज इथं येऊन बसली. तंटा निघाला की जागेवरच तोडायची, काम थांबू द्यायची नाही. बांध भरला तेव्हा दोघांनी मिळून पहिल्या पाण्याचा तांब्या तिच्यापुढं धरला. तिनं तो त्यांच्या पायांवर ओतला आणि घरी निघून गेली. मरेपर्यंत तिनं राग सोडला नाही म्हणे. सोड, असं तिला सांगायची गावाचीही छाती झाली नाही.

आजही आमच्याकडं घर असो की शाळा, पाया खणण्याआधी मालक आणि कंत्राटदार मिळून एक तिसरं माणूस नेमतात. वाद झाला की तिघं तिथंच उभ्यानं बोलतात. गवंड्याची थापी चालूच असते. काम पुरं झालं की दोघं एकमेकांच्या पायांवर पाणी ओततात. बाहेरचे लोक म्हणतात, केवढा मान देतात बघा.

मान नव्हे तो. तो साळूचा राग आहे.